बोलक्या पाखरांची बखर

गेल्या गणपतीत माझ्या नातीच्या मामाने तिला लव्हबर्ड्सची एक जोडी आणून दिली. एक हिरवा, एक निळा. दोन महिन्यांत ही पाखरे घडाघडा बोलू लागतील, असे विकणाऱ्याने अगदी छातीवर हात ठेवून सांगितले होते म्हणे. नातीने त्या वचनावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. सकाळी उठले, की दात घासण्यापूर्वी पिंजऱ्यापुढे उभे राहायचे आणि "शुभ दीपावली, शुभ दीपावली" असा पाठ घ्यायचा. दिवाळीच्या पहाटे फराळाला येणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत पाखरांनी करावे, असा बेत होता. नवरात्र गेले, दसरा गेला, कोजागिरीचे दूध आटले. पण विद्यार्थी काही बोलेनात. आपापसांत मात्र त्यांची दिवसभर अखंड चिवचिव चालू! चोचीत चोच घालायची, एकमेकांच्या मानेची पिसे विंचरायची आणि मास्तरीणबाईंकडे पाठ फिरवून बसायचे.

शेवटी ती माझ्याकडे आली. "आजोबा, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तर होतात ना? मग सांगा, हे बोलत का नाहीत?"

मी मास्तर होतो खरा, पण इतिहासाचा. न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा मला दांडगा अनुभव असला, तरी ते सारे द्विपाद आणि बिनपंखी होते. तथापि नातीचा प्रश्न टाळणे हे आजोबांच्या धर्मात बसत नाही. म्हणून जुनी पुस्तके काढली, काही नवी मागवली, आणि पाहतो तो काय, माणसाने पाखराला बोलायला शिकवण्याचा उद्योग हा आपल्या ज्ञात इतिहासाइतकाच जुना निघाला! त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो. नातीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे. फक्त ते मला वाटले होते तिथे सापडले नाही.

आरंभ अगदी वेदकाळापासून करावा लागेल. यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्रकरणी निरनिराळ्या देवतांना उद्देशून पशुपक्ष्यांची एक लांबलचक यादी दिलेली आहे. तीत सरस्वतीला शारी, म्हणजे मैना, आणि सरस्वताला शुक नेमून दिला आहे, आणि दोघांनाही विशेषण एकच लावले आहे: 'पुरुषवाक्', म्हणजे माणसाची वाणी बोलणारा. वाणीच्या देवतेच्या वाट्याला बोलकी पाखरे यावीत हे योग्यच झाले. पण या एका शब्दाचा अर्थ केवढा आहे पाहा! त्या काळी कोणीतरी पाखरू धरले होते, पाळले होते, त्याच्याशी तासन् तास बोलले होते आणि पाखराने उत्तर दिले होते.

पुढे अशोकाचा काळ. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने जी स्तंभाज्ञा कोरवली, तीत अमुक अमुक प्राणी अवध्य आहेत, त्यांना कोणी मारू नये, अशी सूचना आहे. त्या यादीत हंस आहे, चक्रवाक आहे, वटवाघूळ आहे, कासव आहे. परंतु यादीचा प्रारंभ होतो तो शुक आणि सारिका या दोन नावांनी. सम्राटाने हीच दोन नावे आधी का घ्यावीत, हे शिलालेख सांगत नाही. मला आपले वाटते, की ज्या प्राण्याने एकदा आपल्याला नावाने हाक मारली, त्याच्या मानेवर सुरी ठेवताना कोणाचाही हात थोडा थबकेल.

कौटिल्याचा स्वभाव असा हळवा नव्हता. त्याने पाखरांच्या बोलण्याकडे पाहिले ते राजकारणी नजरेने. राजवाड्यात पोपट आणि मैना ठेवाव्यात, कारण सापाची किंवा विषाची शंका येताच त्या ओरडतात, असे तो सांगतो. आणि राजाने मसलतीला बसताना मात्र पाखरेसुद्धा डोकावणार नाहीत अशी जागा निवडावी, असेही बजावतो. कारण शुकसारिकांनी गुप्त मसलती फोडल्याचे म्हणे ऐकिवात आहे! एकाच ग्रंथात पोपट पहारेकरीही ठरतो आणि फितूरही. पाखरू जिभेचे इमानी असते, धन्याचे असतेच असे नाही, हे त्या चाणाक्ष ब्राह्मणाने नेमके हेरले होते.

या फितुरीचा उपयोग आपल्या कवींनी पुरेपूर करून घेतला. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'त पिंजऱ्यातून सुटलेली मैना सागरिकेचे मनोगत जसेच्या तसे राजाच्या कानांवर घालते आणि नाटकाला गती येते. अमरूच्या एका मुक्तकात नवपरिणितेची फजिती आहे. रात्री पतिपत्नींमध्ये झालेले बोलणे घरचा पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो, तेव्हा ती बिचारी लाजून कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबते. मंडनमिश्रांच्या घराची खूण विचारता, ज्याच्या दारी पिंजऱ्यातल्या मैना वेदप्रामाण्याचा वाद घालतात ते घर, असे उत्तर शंकराचार्यांना मिळाल्याची कथा तर सर्वश्रुत आहे. घरात जे दिवसरात्र बोलले जाते, तेच पाखरू दारात बोलते, एवढे साधे सत्य या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी आहे.

हे शिकवणार कोण? तर याचेही शास्त्र होते. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत 'शुकसारिकाप्रलापन' ही एक कला मोजली आहे. त्याच्या सुखवस्तू नागरकाच्या दिनचर्येत दुपारचे भोजन झाल्यावर पोपट-मैनांना बोलायला शिकवण्याचा वेळ नेमून दिलेला आहे. आपण ज्या वेळी वामकुक्षी घेतो, त्या वेळी तो रसिक पिंजऱ्यापाशी बसे. परंतु संस्कृत वाङ्मय जरा लक्ष देऊन वाचले, म्हणजे ध्यानात येते, की नागरकापेक्षा पिंजऱ्यापाशी जास्त वेळ बसत होती ती घरात मागे राहिलेली स्त्री. 'मेघदूता'तली यक्षपत्नी आठवा. वर्षभराचा विरह, घरात बोलायला कोणी नाही. ती पिंजऱ्यातल्या मैनेला विचारते, की अगं, तुला तरी धन्याची आठवण येते का? 'शुकसप्तति'तही नवरा परदेशी गेलेला आहे आणि एकट्या राहिलेल्या बायकोला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून घराबाहेर पडू देत नाही. या गोष्टींची चाल इतकी लोकांच्या मनात बसली, की चौदाव्या शतकात नख्शबीने त्या फारसीत 'तूतीनामा' म्हणून आणल्या, अकबराने त्यांची सचित्र पोथी करवली, आणि मराठीतही त्या 'शुकबाहत्तरी' या नावाने आल्या. देश बदलला, भाषा बदलली, राज्य बदलले. एकटी बाई आणि बोलका पक्षी ही जोडी मात्र बदलली नाही.

ही जोडी मी स्वतः पाहिलेली आहे. आमच्या वाड्यात माझ्या वडिलांची थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले होते आणि बाराव्या वर्षी ती माहेरी परत आली होती, ती कायमची. मला कळू लागले तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे गेलेली, अंगावर आलवण, माजघराच्या पलीकडची अंधारी खोली ही तिची हक्काची जागा. पहाटे सडा घालण्यापासून रात्री विरजण लावण्यापर्यंत घरातले प्रत्येक काम तिच्या हातून जाई. आणि पंक्ती उठल्यावर, बायकांचीही जेवणे झाल्यावर, उरलेसुरले घेऊन ती एकटी पानावर बसे. त्या खोलीच्या दाराशी एक पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. कोणा बोहारणीने जुन्या लुगड्याच्या मोबदल्यात भांड्याऐवजी ते पिल्लू दिले होते, अशी घरातली हकिकत होती. आक्काने त्याला कापसाच्या बोळ्याने भिजल्या डाळीचे पाणी पाजून वाढवले. तो "विठ्ठल विठ्ठल" म्हणे, "कोण आलं?" असे विचारी आणि आगंतुकाला "बसा" म्हणे. मी त्याला "जय हिंद" शिकवण्याची पुष्कळ खटपट केली. डाळिंबाचे दाणे दाखवले, छडीने पिंजरा वाजवला. पठ्ठ्याने एक अक्षर उचलले नाही. आक्का हसून म्हणायची, "अरे, तो काय तुझ्या शाळेत आहे होय? ज्याच्याशी बोलावं तो बोलतो."

छडीवरून आठवले. छडीचा प्रयोग करणारा मी पहिला नव्हतो. आपल्या पोपटांची कीर्ती पश्चिमेकडे प्रथम नेली ती क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने. इराणी बादशहाच्या दरबारी राहून इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाविषयी एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला, सारांश तेवढा उरला. त्यात त्याने जांभळट चेहऱ्याच्या, काळ्या दाढीच्या एका पक्ष्याचे वर्णन केले आहे. हा पक्षी माणसासारखा हिंदी भाषा बोलतो आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो. आपल्या रानांत दिसणारा जांभळ्या डोक्याचा लहान पोपट तो हाच, असे अभ्यासक मानतात. पुढे अलेक्झांडरच्या स्वारीनंतर हिंदी पोपट ग्रीसमध्ये आणि मग रोमला जाऊ लागले. रोमन पंडित प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की हा पक्षी हिंदुस्थानातून येतो, बादशहाला मुजरा करतो आणि द्राक्षासव पाजल्यास फारच रंगात येतो! पण पुढची ओळ वाचून अंगावर काटा येतो. त्याचे डोके चोचीइतकेच टणक असते, म्हणून बोलायला शिकवताना त्याला लोखंडी सळीने मारावे लागते, नाहीतर मार त्याला लागतच नाही, असे प्लिनी सांगतो. त्यानंतरच्या शतकात अपुलियसनेही तेच सांगितले. छडी लागे छमछम हे शिक्षणशास्त्र रोमन साम्राज्याइतके जुने आहे, याची नोंद आम्हा मास्तरांनी घ्यायला हरकत नाही.

रोममधली दुसरी एक कथा मात्र मला फार आवडते. मॅक्रोबियस या ग्रंथकाराने ती सांगितली आहे. इसवी सनापूर्वी ३१ साली ॲक्टियमची लढाई जिंकून ऑक्टेव्हियन परत आला, तेव्हा एका माणसाने त्याला विजयाचा मुजरा करणारा कावळ्याच्या जातीचा पक्षी नजर केला. खूश होऊन त्याने वीस हजार नाणी दिली. मागाहून कळले, की या गृहस्थाच्या घरी आणखी एक पक्षी आहे आणि तो पराभूत अँटनीचा जयजयकार करतो! न जाणो, लढाईचा निकाल उलटा लागला तर? हे बक्षीस पाहून एका गरीब चांभारानेही पक्षी आणला. तो काही केल्या शिकेना. चांभार वैतागून दर वेळी म्हणे, मेहनतही गेली आणि पैसाही गेला. अखेर एकदाचा पक्ष्याला मुजरा आला, तेव्हा विजेता म्हणाला, की असले मुजरे करणारे घरी पुष्कळ आहेत. तोच पक्ष्याने चांभाराचे रोजचे ते रडगाणे म्हटले. सारे हसले आणि पक्षी आधीच्या सर्वांपेक्षा जास्त किमतीला विकला गेला. तात्पर्य, पाठ म्हणून दिलेले पाखराच्या मनावर बेताचेच ठसते. जे मनापासून, कळवळून म्हटले जाते ते ते चटकन उचलते.

आता नातीच्या पाखरांकडे वळतो. प्रथम त्यांच्या नावाचा घोळ सोडवला पाहिजे. आपल्याकडे बाजारात लव्हबर्ड्स म्हणून जे विकतात, ते बहुधा लव्हबर्ड्स नसतातच. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेचे. आखूड शेपटीचे, गुबगुबीत, गालावर बहुधा लाली असलेले हे छोटे पोपट असून त्यांच्या नऊ जाती आहेत. सेल्बी या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८३६ साली प्रेम आणि पक्षी या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांचे शास्त्रीय नाव ठेवले. फ्रेंच आणि जर्मन लोक त्यांना 'न विलगणारे' अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. नाती आणते ती सडपातळ, लांब शेपटीची, अंगावर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेली पाखरे ऑस्ट्रेलियातली. त्यांचे नाव बजरीगर. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांत हजारोंच्या थव्यांनी ती उडतात. जॉन गूल्डने १८४० साली त्यांतली काही जिवंत पाखरे इंग्लंडात आणली आणि पुढच्या शंभर वर्षांत ती जगभर पिंजऱ्यापिंजऱ्यांतून पसरली. रानात ती हिरवीच असतात. पिवळ्या-निळ्या जाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पैदाशीतून निघाल्या.

यांतले खरे लव्हबर्ड्स क्वचितच बोलतात. बजरीगर मात्र बोलण्यात भल्याभल्यांना हार जाणार नाही. इंग्लंडात न्यूकॅसलजवळ एका बाईंनी पाळलेल्या स्पार्की नावाच्या बजरीगराने १९५८ साली बीबीसीने घेतलेली बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा जिंकली. त्याला पाचशेहून अधिक शब्द येत आणि आठ बालगीते पाठ होती. त्याच्या बोलण्याची तबकडी निघाली आणि हजारोंनी खपली. १९६२ साली तो वारला. पेंढा भरलेले त्याचे शरीर तिथल्या संग्रहालयात ठेवण्यात आले. अमेरिकेतल्या पक नावाच्या बजरीगराला तर १,७२८ शब्द येत होते. १९९४ साली तो मेला, तेव्हा जगातला सर्वांत मोठा शब्दसंग्रह असलेला पक्षी म्हणून त्याची नोंद झाली. ओंजळीत मावेल एवढा जीव आणि हा शब्दभार! आमच्या वर्गातले कित्येक शालान्त परीक्षेपर्यंत एवढी मजल मारत नसत.

हे साधते कसे? पाखराला आपल्यासारखा कंठ नाही. त्याचा आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथल्या एका स्नायुमय पेटीतून. पोपटाच्या जातीला त्यावर आणखी एक देणगी आहे: जाड, मांसल जीभ. ती हलवून ते आवाजाला आकार देतात, हे २००४ साली प्रयोगाने दाखवले गेले. आणि २०१५ साली मेंदूच्या अभ्यासातून असे आढळले, की आवाज शिकण्याची जी केंद्रे इतर गाणाऱ्या पाखरांत असतात, त्यांच्याभोवती पोपटांमध्ये आणखी एक वेष्टन आहे.

पण साधन असणे निराळे आणि ते वापरण्याची इच्छा होणे निराळे. ही इच्छा कोठून येते, हे कळायला रानात जावे लागते. व्हेनेझुएलातल्या एका लहान पोपटाच्या जातीवर संशोधन झाले, ते २०११ साली प्रसिद्ध झाले. तिथे आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला एक वेगळी हाक देतात आणि पिल्लू ती आपली म्हणून उचलते. म्हणजे चक्क बारसेच! बजरीगरांतही थव्यातले पक्षी एकमेकांच्या हाका उचलतात, आणि जोडी जमताना नर आपल्या मादीची हाक शिकून घेतो. पाखराची नक्कल ही करमणूक नव्हे, ती सोयरीक आहे. 'मी तुमच्यातलाच' असे सांगण्याची ती रीत आहे.

एवढे कळल्यावर शिकवण्याच्या साऱ्या नियमांचा उलगडा होतो. जाणकार सांगतात, की पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असतानाच आणावे. शक्यतो नर आणावा. चोचीवरची नाकपुडीची जागा नराची मोठेपणी निळी होते, मादीची तपकिरी. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे, एकाच माणसाने, एकच छोटा शब्द स्पष्ट म्हणावा. बाईमाणसाचा किंवा मुलाचा उंच आवाज त्याला लवकर साधतो. शब्द प्रसंगाला जोडून म्हणावा: दाणा घालताना 'घे', येताना 'आलो'. पिंजऱ्यात आरसा ठेवू नये. आणि सर्वांत मुख्य नियम, जो प्रत्येक पुस्तकात ठळक अक्षरांत असतो, तो हा: पक्षी एकटा ठेवावा. जोडीत ठेवलेले पाखरू माणसाची भाषा सहसा शिकत नाही.

का शिकावी त्याने? त्याला बोलायला त्याचे माणूस आहे! बोलतो तो एकटा पडलेला पक्षी. थवा नाही, जोडीदार नाही, आरशातले प्रतिबिंबसुद्धा नाही; तेव्हा पिंजऱ्याबाहेर जे कोणी दोन पायांवर उभे आहे, त्यालाच तो आपला थवा मानतो आणि त्याची हाक उचलतो. प्लिनीच्या लोखंडी सळीने जे साधत होते असे रोमनांना वाटे, ते वास्तविक एकांतवासाने साधत होते.

माणसाने यापेक्षा चांगली वागणूकही दिलेली आहे, हे सांगितले पाहिजे. आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली ॲलेक्स नावाचा करडा आफ्रिकन पोपट घेतला आणि तीस वर्षे त्याला शिकवले. त्यांच्या पद्धतीत दोन माणसे त्याच्यासमोर एकमेकांशी बोलत, एक शिक्षक आणि एक शिष्य. आणि जो बरोबर नाव घेईल त्याला ती वस्तूच मिळे. ॲलेक्सला सुमारे शंभर शब्द आले. तो रंग, आकार ओळखी, सहापर्यंत मोजी. ही निव्वळ पोपटपंची नव्हे, एवढे त्याने जगाला पटवले. २००७ सालच्या सप्टेंबरात तो गेला. आदल्या रात्री निघताना बाईंचा त्याने रोजच्यासारखाच निरोप घेतला होता.

आणि हम्बोल्टची ती गोष्ट! १८०० साली हा जर्मन शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीकाठी फिरत असताना तिथल्या लोकांनी त्याला एका म्हाताऱ्या पोपटाविषयी सांगितले. तो काय बोलतो ते कोणालाच समजत नसे. कारण तो अटुरे नावाच्या जमातीची भाषा बोलत होता, आणि ती जमात नामशेष झालेली होती. माणसे गेली, त्यांची बोली एका पाखराच्या चोचीत उरली.

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. कारण अटुरे लोकांचा तो पोपट मी ऐकलेला होता.

आक्का १९५८ च्या आषाढात गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. तेरा दिवस झाले, घर रुळावर आले. पिंजरा आईने माजघरात आणून टांगला. पहिले काही दिवस पोपट मुकाच होता. मग एका दुपारी, सगळ्यांची जेवणे आटोपून आई खरकटी काढत असताना, पिंजऱ्यातून आवाज आला. आवाज आक्काचा. अगदी तिचा, तोच किंचित घोगरा.

"आक्का, जेवलीस का गं?"

आईच्या हातातले पातेले खाली पडले. हा पाठ पोपटाला कोणी दिला नव्हता. घरात आक्काला असे कोणी विचारत नसे. ती सर्वांच्या मागून, अंधाऱ्या खोलीत एकटी पानावर बसे, तेव्हा स्वतःच स्वतःला विचारत असावी. आणि ऐकणारा एकच होता. किती वर्षे, किती दुपारी तिने ते म्हटले असेल, म्हणजे त्याला इतके स्वच्छ यावे? त्यानंतर रोज त्याच वेळी तो विचारू लागला. "विठ्ठल विठ्ठल" तो विसरला, "बसा" विसरला, हे एक विसरला नाही. वडील त्या वेळी पानावर असले, तर मान वर करत नसत. आई मात्र त्याच्या वाटीत डाळ घालताना एकदा हलकेच म्हणाली, "जेवले हो वन्सं." पुढच्या पावसाळ्यात तो मेला.

आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले देशी पोपट-मैना पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरले आहे. अशोकाच्या यादीतल्या पहिल्या दोन नावांना बावीसशे वर्षांनी पुन्हा संरक्षण मिळाले. योग्यच झाले. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त दिला आहे. नळी फिरते, पोपट उलटा होतो आणि उडून जाण्याऐवजी तीच घट्ट धरून ठेवतो, आपण बांधले गेलो या भ्रमाने. पण त्याची नळी तरी भ्रमाची होती. आक्काची नव्हती.

हे सगळे मी नातीला सांगितले. काही गाळून, काही सोपे करून. तिने शांतपणे ऐकले आणि नेमका मुद्दा उचलला.

"म्हणजे निळ्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, तर तो बोलेल?"

"बहुधा बोलेल."

ती बराच वेळ पिंजऱ्याकडे पाहत राहिली. हिरवीने मान वाकडी केली होती आणि निळा तिच्या डोक्यावरची पिसे नीट करत होता. "राहू दे मग," ती म्हणाली. "पाहुण्यांना मीच शुभ दीपावली म्हणेन." त्या दिवसापासून शाळा बंद झाली आणि वाढदिवसाच्या पैशांतून मोठा पिंजरा आला.

जाता जाता तिने दारातून वळून विचारले, "आजोबा, पण तुमच्या आत्याला खरंच कोणी विचारत नव्हतं का? तुम्हीसुद्धा?"

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. बारा वर्षांच्या मुलाला विचारता आले असते. नातीला मी हो-नाही काहीच म्हणालो नाही. तिने काय ते ओळखले असावे, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी, पाने वाढल्यावर, ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि मला जेवायला हाक मारून गेली.